ओल्या पायांची इंग्रजी

लग्न होऊन सासरी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की या घरात कुणी कुणाचं नाव घेत नाही. सासूबाई सासऱ्यांचं नाव घेत नव्हत्या, ते तर सगळीकडेच असतं. पण सासरे माझंही नाव घेत नव्हते आणि माझ्याशी थेट बोलतही नव्हते. चहा हवा असला की सासूबाईंकडे बघून म्हणायचे, "जे चुलीपाशी बसली हाये तिले सांग, चहा मांड म्हना." चूल आणि ते यांच्यात चार हातांचं अंतर. मला ऐकू यायचं, मी आधण ठेवायचे, तरी सासूबाई तो निरोप पुन्हा एकदा मला पोचवायच्या. मीही काही कमी नव्हते. नवऱ्याला शोधत कुणी आलं की सांगायचे, "जे पहाटेच जाळं घेऊन गेले हायेत ते दुपारपर्यंत येतीन."

अशा घरात अकरा वर्षं काढलेल्या बाईला इंग्रजीतला 'हू' शिकवायला मास्तर लागू नये. 'हू' म्हणजे 'जो' किंवा 'जी', एवढं सांगितलं की झालं. पण त्या 'हू'च्या पाठीला लागून जे 'हॅज' येतं, त्याने मला रडवलं. मी हे प्रामाणिकपणे लिहिते आहे, कारण आता लोक मला हुशार समजतात आणि मला ते ऐकताना हसू येतं.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात आहे. आम्ही मासे मारणारे लोक. तलाव, तलावाखाली थोडं धान, आणि बाकी दिवसांत मजुरी. मी गावच्या अंगणवाडीत मदतनीस होते. म्हणजे खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, झाडायचं, आणि सेविका बाई मीटिंगला गेल्या की वजनकाटाही सांभाळायचा. सेविका बाई वर्षभरात निवृत्त होणार होत्या. पर्यवेक्षिका एकदा तपासणीला आल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "तू बारावी असतीस तर तुझाच नंबर होता." मोटारसायकलवर मागे बसल्या आणि निघून गेल्या. त्या वाक्याने माझी झोप नेली.

मी बारावीला बसले होते. लग्नाआधी. इंग्रजीत गेले, मग लग्न झालं, मग ते राहूनच गेलं. इतक्या वर्षांनी जुने पास झालेले विषयही धरत नव्हते. म्हणून बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि सगळे विषय नव्याने दिले. फेब्रुवारीत परीक्षा झाली. मेमध्ये निकाल आला, मोबाइलवर बघितला. बाकी सगळं निघालं होतं, इंग्रजी पुन्हा तिथंच बसली होती. नवरा म्हणाला, "जाऊ दे, मदतनीस तं हायेसच ना." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला त्याचा इतका राग आला की त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही आणि विचारलं तरी दिलं नाही. जुलैत पुरवणी परीक्षा होती. तीत निघाली तर निघाली, नाहीतर सेविकेची जागा दुसऱ्या गावची कुणी बारावी पास मुलगी येऊन घेणार, आणि मी तिच्या हाताखाली खिचडी ढवळणार. माझ्यापुरता प्रश्न एवढाच होता, आणि तो मला फार मोठा होता.

गोंडपिपरीला एक मॅडम होत्या, ज्युनिअर कॉलेजात शिकवायच्या. साताऱ्याकडच्या. त्या दर रविवारी सकाळी आपल्या भाड्याच्या खोलीत बायकांना फुकट शिकवत, आणि फॉर्म भरल्यापासून मी त्यांच्याकडे जात होते. सुरुवातीला आम्ही पाच जणी होतो. एकीची सासू आजारी पडली, एकीला नवऱ्याने बंद केलं, दोघींना तेंदूपत्त्याचं काम लागलं. मी एकटी उरले. मॅडमनी तरी फळा काढून ठेवला नाही. म्हणाल्या, "तुम्ही येताय तोवर मी शिकवणार." मी म्हटलं, "तुमी शिकवत असान तोपर्यंत मी येईन." आमचा करार झाला.

त्यांच्या गाइडमधली वाक्यं मोठी मजेशीर होती. जी मुलगी पॅरिसला जाऊन आली आहे ती माझी मैत्रीण आहे. ज्या गृहस्थांनी नवी गाडी घेतली आहे ते आमचे शेजारी आहेत. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या गावातून जिल्ह्यातल्या जिवतीले जाऊन आलेला मानूस महिनाभर तेच सांगत राह्यते. हे पॅरिसवाली कुठून आणाची?" मॅडम हसल्या. पण हसून 'हॅज' सुटत नव्हतं.

माझी एक चूक तर त्यांनी लगेच पकडली. "जी बाई आली ती माझी आत्या" हे मी इंग्रजीत लिहिताना 'ती'साठी एक जास्तीची 'शी' घालायचे. आमच्यात 'जी' म्हटलं की मागून 'ती' येणारच, तिला दाराबाहेर कसं ठेवायचं? मॅडमनी दहा वेळा ती 'शी' खोडली, अकराव्या वेळी मीच खोडली. ते जमलं.

जमत नव्हतं ते दुसरंच. जो इथं राहिला आणि जो इथं राहत आला आहे, यात इंग्रजीला मोठा फरक दिसतो. पहिल्याला साधा 'लिव्ह्ड', दुसऱ्याला 'हॅज लिव्ह्ड'. मॅडम म्हणायच्या, "काम झालेलं आहे, पण त्याचा आजशी संबंध आहे, तेव्हा हॅज."

"मॅडम, माह्या लग्नाचा आजशी संबंध नाई का? अकरा वर्षांपासून भांडी घासून राह्यली मी."

"संबंध आहे. पण लग्न कधी झालं ते साल सांगितलंत, की तिथं हॅज नाही."

"सांगितलं का नाई सांगितलं, भांडी तं तेवढीच."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि चहा ठेवला. मला त्यांचा शब्द न् शब्द पाठ झाला होता, पण वही समोर आली की मी कुठंही हॅज घालायचे, जेवायला बसलेल्यांना मीठ वाढतात तसं. दोन जाड वह्या संपल्या. फेब्रुवारीच्या परीक्षेचा निकाल त्या वह्यांचाच निकाल होता.

आता तलावाचं सांगते, कारण माझी इंग्रजी शेवटी तिथं सुटली.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की एक दिवस सगळा गाव तलावात उतरतो. विकायचे मासे मच्छीमार संस्थेचे, ते वेगळे निघतात. त्या दिवसाचे मासे घरी खायचे, आणि त्यांचे वाटे पडतात. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाची पानं मांडायची आणि पानांवर सारख्या ढिगांनी मासे. मग वाटे बोलणारा माणूस पाळीवर उभा राहतो. आमच्याकडे वाटे माझे सासरे बोलतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील बोलत.

वाटे बोलताना कुणाचं नाव घ्यायचं नाही, हा आमचा रिवाज आहे. नाव घेतलं की भांडण आलं. याचं आधी का, त्याचं नंतर का. म्हणून फक्त काम बोलायचं. "ज्यानं पाळीचं भगदाड बुजवलं हाये, त्याचा एक वाटा." ज्याने बुजवलं असेल तो आपण होऊन पुढे येतो आणि आपलं पान उचलतो. "जो उजेडापासून पान्यात हाये, त्याचा एक वाटा." घरटी एक जण पुढे येतो. म्हाताऱ्यांसाठीही असतो. "ज्याचे पाय आता उतरत नाई, पन जलमभर उतरले हायेत, त्याचा एक वाटा." आपलं काम आपण ओळखायचं आणि आपल्या पायाने पुढे यायचं. न केलेल्या कामाला पुढे येणं, याच्याइतकी लाज आमच्या गावात दुसऱ्या कशाची नाही. चोरी केलेला माणूस दोन वर्षांत लोक विसरतात, खोटा वाटा उचललेल्याला विसरत नाहीत.

आमच्या घरचा पाण्याचा वाटा दर वर्षी मी उचलायचे. नवऱ्याचा हात जाळ्यात असायचा, त्याचा जाळ्याचा वाटा वेगळा. सासूबाईंचे गुडघे गेलेले. उजेडापासून पाण्यात मी असायचे, कमरेइतक्या चिखलात, हाताने झिंगे चाचपत. दहा वर्षं हे मी केलं आहे आणि मला ते आवडतंही.

त्या वर्षी मासे काढायचा दिवस नेमका रविवारी आला. निकाल लागून आठवडाच झाला होता. मी सासूबाईंना सांगितलं की मी क्लासला जाऊन येते, दुपारच्या आत तलावावर पोचते. पहाटेच निघाले. क्लासमध्ये माझं लक्ष लागेना, सारखी घड्याळाकडे बघत होते. मॅडमनी शिकवलेलं कानावरून गेलं. तास अर्धा सोडून मिळेल त्या ऑटोने परत आले आणि थेट पाळीवर गेले. मासे निघाले होते, पानं मांडली होती, सासरे बोलत होते. मी धापा टाकत बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

"जो उजेडापासून पान्यात हाये, त्याचा एक वाटा."

आणि मी पुढे झाले.

मी विचार केला नव्हता. दहा वर्षांची सवय होती, ते शब्द कानावर पडले की पाय आपोआप निघायचे, तसे निघाले. पानाशी वाकले आणि मग माझ्या लक्षात आलं, की सगळं शांत झालं आहे. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायकांची लुगडी मांडीपर्यंत चिखलाने काळी होती. माझ्या अंगावर क्लासला नेसलेली इस्त्रीची साडी होती, पायांत चपला होत्या, आणि पाय कोरडे होते. खांद्याला पिशवी, पिशवीत गाइड.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तलावाकडे बघत, त्याच आवाजात, बाकीचे वाटे बोलत होते तसंच बोलले, "जिचा पदर सुका हाये, तिनं मागं सरावं."

मी मागं सरले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तास अर्धा गेला, वाटाही गेला. तेल गेलं, तूप गेलं, आणि हाती गाइड आलं.

घरी आल्यावर सासूबाईंनीच भांडण काढलं. "सुनेले भर गावात मागं सरकवलं तुमी. जिभेले हाड नाई का तुमच्या?"

"मी कोनाचं नाव घेतलं का?" सासरे म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

मी तीन दिवस जेवायला वाढलं, पाणी दिलं, सगळं केलं, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. पहिला दिवस त्यांच्यावरच्या रागात गेला. दुसरा दिवस नवऱ्यावरच्या, त्याचं काही कारण नसताना. तिसऱ्या दिवशी मी तलावावर भांडी घासत होते. पाय पाण्यात होते. घोट्यापर्यंत ओले पाय बघता बघता मला कळलं, की माझं काय चुकलं होतं, आणि फक्त पाळीवरच नाही.

मी दहा वर्षं पाण्यात उतरले होते. ते खरं होतं. पण त्या दिवशी त्याचा उपयोग नव्हता. वाटा विचारत होता की आत्ता, या घटकेला, तुझे पाय ओले आहेत का. मागच्या वर्षी ज्याने भगदाड बुजवलं आणि ते पावसाने परत फुटलं, त्याला यंदा वाटा नाही. ज्याने बुजवलं आणि ते अजून धरून आहे, त्याला आहे. बल्लारपूरला राहायला गेलेला एक माणूस दर उन्हाळ्यात येतो, आपण इथं किती मासे मारले ते सांगतो, सगळे ऐकतात, चहा देतात, वाटा कुणी देत नाही. तो इथं राहिला होता. बाकीचे राहत आले आहेत. काम कधी झालं हे कुणी विचारत नाही. त्या कामाची ओल अजून आहे का, एवढंच बघतात. सासरे हे उभा जन्म बोलत आले होते, मी दहा उन्हाळे ऐकत आले होते, आणि मॅडमच्या फळ्यासमोर मात्र मी वासरासारखी डोळे मोठे करून बसत होते.

मी भांडी तशीच टाकून घरी गेले, वही काढली. पॅरिसवालीला रजा दिली. लिहिलं: द मॅन हू हॅज क्लोज्ड द होल. द वुमन हू हॅज बीन इन द वॉटर सिन्स मॉर्निंग. द ओल्ड मॅन हू हॅज फिश्ड ऑल हिज लाइफ. मग खाली, दात ओठ खाऊन, द वुमन हू वॉज नॉट इन द वॉटर. तिथं हॅज नव्हतं. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. पानभर लिहिलं आणि पुढच्या रविवारी मॅडमपुढे ठेवलं. त्यांनी लाल पेन उघडलं, वाचलं, आणि पेन बंद केलं.

"हे कोणी समजावलं तुम्हाला?"

"ज्यायनं मले मागं सरकवलं हाये त्यायनं," मी म्हटलं. राग अजून गेला नव्हता.

आता एकच अडचण होती. पुरवणी परीक्षा जुलैत, आणि जुलैत आमच्याकडे रोवणा असतो, धानाची लावणी. त्या दिवसांत घरातला एक हात कमी झाला तरी शेतात कळतं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाट बघत नाहीत. नवऱ्याचं उत्तर वडिलांच्या उत्तरावर होतं. मग एका संध्याकाळी सासरे पडवीत बसले असताना मी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि पडवीत नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"मामीजी, जे पाळीवर उभे राह्यतेत त्यायले सांगा. जिचा पदर सुका होता ते जुलैत पेपर देनार हाये. रोवना असो का काई असो."

सासूबाईंनी निरोप पोचवायला तोंड उघडलं, त्याआधीच पडवीतून आवाज आला.

"जिले जायाचं हाये तिले जाऊ दे. रोवन्याले बाया मिळतेत." आणि पुढे म्हणाले, "पन मंग अर्ध्यातून परत येऊ नोको म्हना. क्लास सोडून पळत आली, तवाच दोन्हीकडून गेली ते."

मला वाटत होतं की त्यांनी मला खोट्या वाट्यासाठी मागं सरकवलं. अर्धवट सोडून आल्याचा राग त्यांच्या मनात जास्त होता, हे मला तेव्हा समजलं. राग माझाही उतरला, पण सगळा नाही. सगळा उतरला असता तर पेपर कोणी दिला असता?

जूनभर मी पहाटे उठून लिहिलं. अंगणवाडीत खिचडी शिजेपर्यंत लिहिलं. रोवण्यातही मी चार दिवस गेले, लावणीच्या ओळीत बाजूच्या बायकांना जोडवाक्यं करून दाखवायचे. "जिनं सकाळपासून एकच ओळ लावली हाये, ते चहा मागून राह्यली." बायका हसायच्या, जिच्याविषयी बोलले ती चिखल फेकायची. मी मनातल्या मनात त्याची इंग्रजी करायचे. पेपरच्या दिवशी चंद्रपूरला पोचले तेव्हा नखांत चिखल होता. हॉलमधल्या पोरी अठरा-एकोणीसच्या. एकीने मला पर्यवेक्षक समजून उठून उभं राहत नमस्कार केला. मी तिला बस म्हटलं आणि तिच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

पेपरात दोन वाक्यं जोडायला होती. एक माणूस होता, त्याने झाडं लावली आहेत, लोक त्याला मानतात. मी ते एका दमात जोडलं, जास्तीची 'ही' न घालता. निबंध होता, तुम्हाला आदर वाटतो अशा व्यक्तीवर. सगळ्या पोरी कुणातरी थोराचं नाव लिहून सुरू झाल्या असतील. मी नाव लिहिलंच नाही. लिहिलं, द मॅन हू हॅज नेव्हर कॉल्ड मी बाय माय नेम. ज्या माणसाने मला कधी नावाने हाक मारलेली नाही. मग त्याने काय काय केलं आहे ते लिहीत गेले, पाळ, भगदाड, वाटे, मला मागं सरकवलं तेही. आदर वाटतो असं लिहिताना मला थोडं आश्चर्य वाटलं, कारण ते खोटं नव्हतं.

निकाल लागला. इंग्रजीत एक्केचाळीस. मॅडमना फोन केला, त्या फोनवर ओरडल्या, त्यांच्या घरमालकाला वाटलं काही अपघात झाला. कागदपत्रं जोडली, अर्ज दिला, खेटे घातले. जुन्या सेविका बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी माझी ऑर्डर आली. घरी मी ऑर्डर सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती सासऱ्यांना दिली. त्यांनी उलटसुलट करून बघितली, घडी घातली, आणि सासूबाईंना म्हणाले, "चांगल्या जागी ठेव. इथी उंदरं हायेत." एवढंच. मला अजून काहीतरी हवं होतं. ते आलं नाही याचं वाईट वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात मासे काढायचा दिवस कामाच्या वारी आला. उन्हाळ्याची सुट्टी सेविकेला आणि मदतनिसाला आळीपाळीने मिळते, आणि माझी पाळी नव्हती. त्या सकाळी मी पोरांना खिचडी वाढली, रजिस्टर भरलं, कुलूप लावलं आणि चालत तलावावर गेले. धावले नाही. मी ठरवूनच गेले होते, की बायकांच्या मागे उभं राहायचं आणि काहीही ऐकू आलं तरी पाय हलू द्यायचा नाही. घरचा पाण्याचा वाटा यंदा जाणार होता. नोकरी घेतली तेव्हाच ते मला माहीत होतं. तरी पाळीवर चढताना, ओल्या बायकांच्या रांगेमागे कोरडी उभी राहताना, मी साडी खाली ओढून पाय झाकले.

पानं मांडून झाली होती, पण वाटे सुरू झाले नव्हते. सासऱ्यांना आठवडाभर ताप होता आणि त्यांचा घसा पार बसला होता. ते बोलायचे तर बाजूच्या माणसालाही ऐकू जात नव्हतं. लोक ताटकळले होते, ऊन वर आलं होतं. दुसरं कुणी बोलायला तयार नव्हतं, कारण बोलणाऱ्याला पाण्यातला वाटा मागता येत नाही, आणि सगळे पाण्यात होते. सासऱ्यांनी रांगांवरून नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं. हाताने खूण केली.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ते माझ्या कानाशी कुजबुजले, पहिल्यांदाच मधे सासूबाई न ठेवता, आणि मी ते मोठ्याने बोलले. "ज्यानं पाळीचं भगदाड बुजवलं हाये, त्याचा एक वाटा." एक माणूस पुढे आला. आवाज पहिल्यांदा जरा फाटला, मग लागला. दोन-तीन वाटे त्यांनी सांगितले, मग सांगायचं थांबले. मी वळून बघितलं तर ते खाली बसले होते, डोळे मिटून. पुढचे सगळे मी बोलले. मला ते येत होते. "जो उजेडापासून पान्यात हाये," हेही बोलले, आणि घरटी एक पुढे आला, आमच्या घरचं कुणी आलं नाही, आणि मी पुढच्या वाट्याकडे गेले.

शेवटचं एक पान उरलं. ते बोलणाऱ्याचं असतं. बोलणाऱ्याने स्वतःचा वाटा स्वतः बोलायचा नसतो, दुसऱ्या कुणीतरी बोलावा लागतो. दर वर्षी पाण्यातला एखादा म्हातारा ओरडतो, "जो उन्हात उभा राह्यला हाये, त्याचा एक वाटा," आणि सासरे पान उचलतात. मी ते पान त्यांचंच धरून चालले होते. बाजूला सरकले, त्यांना वाट दिली.

ते उठले. पान उचललं नाही. तलावाकडे तोंड करून, घशातून निघेल तेवढा आवाज काढून बोलले. तो आवाज कसला, खरखर होती नुसती, पण सगळे गप्प असल्यामुळे शेवटपर्यंत गेला.

"जे मागं सरली होती, आन आज पाळीवर उभी राह्यली हाये, तिचा एक वाटा."

नाव नव्हतंच. पण वर्षभर माझं त्या पाळीवर जे पडून राहिलं होतं, ते त्यांनी सगळ्यांसमोर उचललं आणि माझ्या हातात दिलं. मी रडले. भर दुपारी, सगळ्या गावासमोर, नवीन सेविका बाई पदराने नाक पुसत रडली. पाय हलेनात. वर्षभर ज्या पायांना हलू नका म्हणून बजावलं होतं ते आता चला म्हटलं तरी ऐकेनात.

"उचल नं माय लवकर," सासूबाई रांगेतून म्हणाल्या, "उन्हानं मासे खराब होऊन राह्यले."

मी चपला काढल्या, पुढे गेले आणि पान उचललं. त्यात दोन रोहू होते आणि एक मरळ. मरळ अजून जिवंत होती.